भीमपूर : पैनगंगेच्या पलीकडचे शेजारी

तेलंगणात 'मंडल' म्हणजे गणपती बसवणारं आपलं मंडळ नव्हे! १९८५ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारनं तालुके मोडून त्यांच्या जागी लहान लहान मंडलं केली, म्हणजे गावकऱ्याला कचेरी जवळ पडावी. तेव्हापासून तिथे जिल्ह्याखाली मंडल असतं. आदिलाबाद जिल्ह्यातलं भीमपूर हे असंच एक मंडल, आणि तेही अगदी नवं. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्याच वेळी तामसी मंडलातून हे वेगळं निघालं.

हैदराबादेत नोकरी करणाऱ्या आम्हा चार मित्रांना दिवाळीनंतर एक लांब वीकेंड मिळाला आणि आम्ही गाडी काढली. राष्ट्रीय महामार्ग ४४ नं आदिलाबाद साधारण ३०० किलोमीटर. शहर सोडून वायव्येला वळलो की काळी जमीन सुरू होते, आणि दोन्ही बाजूंना कापूसच कापूस. मधूनच तुरीच्या ओळी. बायका ओटीला कापड बांधून वेचणी करत होत्या. यवतमाळच्या माझ्या मित्राला विचारलं तर म्हणाला, "अरे, हे तर आमचंच शिवार!"

तो काही फार चुकला नव्हता. भीमपूरच्या उत्तरेला पैनगंगा आहे आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली ही नदी पुढे वर्धेला मिळते. ती सीमा झाली त्याला फार वर्षं झाली. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, तेव्हा अलीकडे निजाम आणि पलीकडे इंग्रज अशी वाटणी झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले, बाकीचा जिल्हा आंध्रात राहिला. माणसं आपल्या जागीच होती, राज्यं तेवढी बदलत गेली.

गावांची नावं वाचा : पिंपळकोटी, अंतरगाव, करंजी, धनोरा. पाट्या तेलुगू लिपीत, पण नाव उच्चारलं की आपल्या कानाला ओळखीचं वाटतं. चहाच्या टपरीवर एका काकांना मी विचारलं, "काका, तुमची भाषा कोणती?"

"घरात मराठी, हापिसात तेलगू, बजारात जे चालंल ते," ते हसून म्हणाले. "अन् गोंडी बी समजते. शेजारी गोंड हायेत ना."

या भागाची वस्ती अशीच आहे. गोंड, कोलाम, लंबाडी, मराठी आणि तेलुगू बोलणारे शेतकरी, उर्दू बोलणारे व्यापारी. दिवाळीत गोंडांचं दंडारी-गुसाडी नृत्य होतं, मोरपिसांचे ते भव्य मुकुट बघायचे असतील तर तेव्हाच जा.

सीमा न मानणारे आणखीही रहिवासी आहेत. यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ नदी ओलांडून भीमपूरकडे येतात. वाघ दिसल्याची बातमी आली की ऐन हंगामात वेचणीला मजूर मिळत नाहीत. टिपेश्वरमध्ये जन्मलेला एक वाघ तर २०१९-२० मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणातून ३००० किलोमीटरपेक्षा जास्त फिरला आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पैनगंगेच्या उगमाच्या जिल्ह्यात!

आता लोकसंख्या. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या क्षेत्रात ७,०८,९७२ लोक होते. पण भीमपूर मंडल तेव्हा नव्हतंच, त्याची माणसं तामसीच्या आकड्यात मोजली गेली. त्यामुळे २०२७ ची जनगणना ही भीमपूरची मंडल म्हणून पहिलीच गणना असेल. जनगणनेत मातृभाषा आणि येत असलेल्या आणखी दोन भाषा विचारतात. इथल्या माणसाला तिन्ही रकाने भरायला अडचण नाही. प्रश्न पहिल्या रकान्याचा आहे. जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, पण नोकरी तेलुगू-इंग्रजीत, म्हणून पालक मुलांना तिकडे घालतात. टपरीवरच्या काकांचा नातू इंग्रजी शाळेत जातो. आजोबांशी मराठीत बोलतो, पण मराठी वाचता येत नाही त्याला.

हे ऐकून आम्ही चौघं गप्प झालो, कारण आपल्या घरांतही हेच चाललंय. फरक एवढाच, की आपण मराठी मुलुख सोडून नोकरीसाठी लांब आलो, आणि हे लोक शंभर वर्षांत कुठेही गेलेले नाहीत. उद्या शाळेसाठी, शिक्षकासाठी कुणी मागणी केली तर हाती आकडा लागतो, आणि तो त्या पहिल्या रकान्यातूनच येतो. तो रकाना आपल्याही फॉर्मवर असणार आहे. गणना करणारे दारात येतील तेव्हा घरात विचार करून भरा.

आणि पुढच्या लांब वीकेंडला गोवा-कूर्गच्या ऐवजी एकदा उत्तरेला गाडी वळवा. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. शेतात शिरण्याआधी मात्र गावात विचारा, वाघ सध्या नदीच्या कुठल्या बाजूला आहे ते!