हजेरीपटाचे वाचन

काही महिन्यांपूर्वी अणदूरला एका कुटुंबात गृहप्रार्थनेसाठी जाण्याचा योग आला. प्रार्थना आटोपली, चहा झाला आणि घरच्या जावईबापूंनी (ते शिक्षक आहेत) विषय काढला. लोकशाही समाजवाद स्वीडनसारख्या देशालाच मानवतो, असे त्यांचे मत. तेथे १९३२ पासून १९७६ पर्यंत बहुतेक काळ सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्य होते आणि तेही निवडणुका जिंकून. आपल्याकडे सारे मधल्यामध्येच मुरते.

आम्हाला ते पटले. गुरुविद्यालयात पोप अकरावे पायस यांचे १९३१ चे परिपत्रक आम्ही शिकलो होतो. सच्चा कॅथलिक आणि खरा समाजवादी एकाच वेळी होता येत नाही, हा त्याचा निर्वाळा परीक्षेत लिहून आम्ही गुणही मिळविले. त्याच परिपत्रकात न्याय्य मजुरीविषयी केवढा आग्रह धरला आहे, तिकडे मात्र पुढे कित्येक वर्षे आमचे लक्ष गेले नाही.

कोपऱ्यात सत्तरी ओलांडलेल्या आजी शेंगा फोडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, बाहत्तरला आमी खडी फोडली, सुकडी खाल्ली. तुमचा समाजवाद मला ठावं नाही. पर काम मागितलं की द्याया लागतंय, हे आमच्या मोर्च्यांनी झालं."

आजींचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात ज्या योजनेचा प्रयोग केला, तिला १९७२ च्या दुष्काळाने आणि दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी बळ दिले. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि त्यातून मराठवाड्याच्या माळावर पाझर तलाव खोदणाऱ्या बाईला मजुरी द्यायची! घटनेच्या उद्देशपत्रिकेत 'समाजवादी' हा शब्द १९७६ साली, आणीबाणीत, वरून आला. हा कायदा मात्र खालून आला.

वरून आलेल्याचे काय होते, ते टांझानियात दिसले. ज्युलियस न्येरेरे हे श्रद्धावान कॅथलिक, स्वतः साधे राहणारे. त्यांच्या १९६७ च्या अरुषा जाहीरनाम्यातला समाजवाद पुष्कळ मिशनऱ्यांनाही भावला. शाळा वाढल्या, साक्षरता वाढली. परंतु देशात पक्ष एकच. लोक स्वखुशीने 'उजामा' गावांत येईनात, तेव्हा १९७३ नंतर लाखोंना सक्तीने हलविले गेले आणि शेती खालावली. नको म्हणण्याची सोयच नव्हती. आमच्या मते प्रश्न स्वीडनचा की अणदूरचा, हा नव्हेच.

"पण मुकादम खातच होते ना?" जावईबापूंनी विचारले.

"खात हुते की! मस्टरवर मेलेली माणसं बी कामाला यायची. मग आमी बायांनी हट्ट धरला, नावं मोठ्यानं वाचा. नाव आलं की 'हाय' म्हणायचं. 'हाय' आलं नाही की समद्या त्याच्याकडं बघायच्या."

"आता मस्टर संगणकात गेले आणि पोरे पुण्याला. ऐकणार कोण?"

ह्यावर आजींपाशी उत्तर नव्हते. त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या.

परतताना नळदुर्गपर्यंत आम्ही सोबत्याशी फारसे बोललो नाही. आमच्या धर्मग्रामाचा जमाखर्च आम्ही वर्षातून एकदा मिस्सानंतर वाचून दाखवितो. 'हे कसे?' असे आजवर कुणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.