मांजराची दाढ

माणसाची दाढ दुखूं लागली कीं सारें घर जागें होतें. लवंगेचें तेल निघतें, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, आणि शेजारी येऊन आपापल्या दाढांचा इतिहास सांगतात. मांजराची दाढ दुखते तेव्हां मात्र एकच उद्गार ऐकूं येतो : 'हें मांजर अलीकडे फार माजलें आहे !'

आमच्या घरचें मांजर ९ वर्षें सौजन्यानें वागून एकाएकीं खाष्ट झालें. बशीकडे अधीरतेनें यावें, एक घास घ्यावा व फिस्कारून पळावें. अंग चाटणें सोडावें. धाकटीनें गालास हात लावतांच पंजा उगारावा, असा त्याचा क्रम झाला. त्यास मासळीबाजारांत सोडून येण्याचा ठराव बहुमतानें पास होण्याच्या बेतांत होता. तत्पूर्वीं पशुवैद्यांनीं भूल देऊन क्ष-किरणांनीं तपासलें, तों हिरडीखालीं ३ दांत विरघळलेले निघाले !

प्रौढ मांजरास ३० दांत असतात. आपल्यासारखी कीड त्यांस सहसा लागत नाहीं. परंतु शरीरांतीलच कांहीं पेशी दांत पोखरून टाकतात, हा विकार मार्जारकुलांत फार आढळतो. पोखरण आंतल्या मज्जातंतूपर्यंत पोंचली कीं प्रत्येक घास शिक्षा होते. तरी मांजर विव्हळत नाहीं. दुबळेपणा लपविणें ही त्याची उपजत सावधगिरी होय.

माँट्रियल येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१९ सालीं मांजराच्या मुद्रेवरून वेदना मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण, या पांचांस प्रत्येकीं ० ते २ गुण द्यावयाचे. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची आपण आजवर थट्टाच केली. पण आकसलेले डोळे हें दुखण्याचेंही लक्षण असूं शकतें, हें आतां ध्यानांत ठेवलें पाहिजे. मात्र दयेच्या भरांत आपल्या डब्यांतील पॅरासिटामॉल त्यास कोणीं देऊं नये. तें पचवून निर्विष करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार तोकडी असल्यामुळें एक गोळीही प्राणघातक ठरते.

ते दांत काढल्यावर पंधरवड्यांत मांजर पुन्हां आमच्या उत्तरपत्रिकांवर येऊन निजूं लागलें. त्याचा स्वभाव मुळीं बिघडलाच नव्हता. घरांतील एखादें वृद्ध माणूस चिडखोर झालें, जेवणावरून कुरकुरूं लागलें, म्हणजे आपण तेथेंही वयास व स्वभावासच दोष देतों. तसें करण्यापूर्वीं एकदां त्याचे दांत पाहावेत, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.