आठ जीबीचं लाटेक

लाटेकला लोक घाबरतात ते त्यातल्या बॅकस्लॅशमुळे. माझ्या मामेबहिणीला घाम फुटला तो आकारामुळे. गणितात पीएचडी करतेय, प्रबंध द्यायला दोन महिने राहिलेत आणि १२८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर जागा उरलीये जेमतेम २ जीबी. "दादा, हे टेक लाइव्ह उडवू का? आठ जीबी खातंय!" (स्पेलिंगमध्ये एक्स असला तरी उच्चार टेकच. क्नूथ आजोबांचा तसा आग्रह आहे.)

उडवू नकोस म्हटलं. मूळ टेकचं इंजिन अगदीच छोटं, काही एमबींचं. बाकी सगळा गोतावळा. इन्स्टॉलर न सांगता पूर्ण पंगत वाढतो : हजारो पॅकेजेस, फाँट्स, बुद्धिबळाचे पट काढायची सोयसुद्धा. त्यात जवळपास निम्मी जागा पॅकेजेसचं डॉक्युमेंटेशन आणि सोर्स फाइल्स खातात.

सोपे उपाय आधी पाहिले. टेक लाइव्ह दरवर्षी नवं येतं आणि जुन्याच्या जागी न बसता शेजारी त्या वर्षाच्या नावाचं फोल्डर करतं. तुमच्याकडे अशी दोन-तीन वर्षं गुण्यागोविंदाने नांदत असतील तर जुनी काढा, काम झालं. हिच्याकडे एकच. मग बॅकअप्सचं फोल्डर, कारण अपडेट करताना पॅकेजची जुनी प्रत तिथे ठेवली जाते. तिथून थोडंफार मिळालं.

राहिलं डॉक्युमेंटेशन. सगळे हेच उडवायला सांगतात. (नुसता पर्याय बंद करून भागत नाही बरं का! तो पुढच्या इन्स्टॉलेशनला लागू होतो, आधीच्या फाइल्स तशाच राहतात.) पण मला ते पटेना. हिच्या हॉस्टेलवर नेट म्हणजे लहरी राजा. रात्री एखादं टेबल पानाबाहेर गेलं की टेक्सडॉक म्हणायचं आणि मॅन्युअल समोर, हा तिचा एकमेव आधार. तो काढून बुद्धिबळाचे पट ठेवायचे?

म्हणून उलटं केलं. लॅबमध्ये नेट असताना वेगळ्या फोल्डरमध्ये 'स्मॉल' स्कीम बसवली, सोर्स वगळून पण डॉक्युमेंटेशनसकट. मग प्रबंध कंपाइल करायचा, कुठली फाइल सापडत नाही ते बघायचं, तेवढं पॅकेज टाकायचं, पुन्हा कंपाइल. कंटाळवाणं आहे, पण तासाभराचं. अडचण एवढीच की फाइलचं आणि पॅकेजचं नाव एक असेलच असं नाही. 'एएलजीस्यूडोकोड' मिळते 'अल्गोरिदमिक्स' नावाच्या पॅकेजात! टीएलएमजीआरला फाइलचं नाव देऊन ग्लोबल सर्च करायला सांगितलं की तो पत्ता देतो. ऋणनिर्देश मराठीत आहे, पण झीटेक 'स्मॉल'मध्येच येतं आणि मशीनवरचाच देवनागरी फाँट वापरतं, त्यामुळे तिथे काहीच अडलं नाही.

जुनं लगेच काढलं नाही. व्हर्जन बदलली की पानं सरकू शकतात, आणि प्रबंधात सरकलेलं पान म्हणजे चुकलेली अनुक्रमणिका. आधीची पीडीएफ पेनड्राइव्हवर घेतली, दोन्ही शेजारी उघडून पानन्‌पान ताडून पाहिलं. एका आकृतीने जागा बदलली होती, बाकी ठीक. मगच आठ जीबीला निरोप! नवं सगळं मिळून दीड जीबीच्या आत आहे.

गाईडने ऐनवेळी नवं टेम्प्लेट दिलं तर ते लॅबमध्येच एकदा चालवून बघ, एवढं बजावून ठेवलंय.