अटींचा गुणाकार

वॉरिक विद्यापीठातला अर्थशास्त्राचा अभ्यासक पीटर बॅकस याने २०१० साली आपल्याला मैत्रीण का मिळत नाही, याचं गणित मांडलं. आकाशगंगेत संपर्क साधू शकतील अशा संस्कृती किती असतील, हे अजमावायला फ्रँक ड्रेकने १९६१ मध्ये जे समीकरण मांडलं होतं, त्याचाच हा अवतार. लंडनमधल्या, योग्य वयाच्या, पदवीधर आणि त्याला आवडतील अशा मुली निघाल्या १०,५१०. त्यांतल्या विसांत एकीला तो आवडेल, निम्म्या एकट्या असतील, दहांत एकीशी सूर जुळेल, असं धरल्यावर उरल्या फक्त २६! मला हे गणित मनापासून आवडतं, कारण वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘अपेक्षा’ या रकान्यात आपणही हाच गुणाकार करतो, फक्त उत्तर काढून बघत नाही. प्रत्येक अटीने निम्मी स्थळं गळतात असं धरलं, तर दहा अटींनंतर १,०२४ स्थळांतलं एक शिल्लक राहतं.

कुणी म्हणेल, अटी इतक्या सुट्या कुठे असतात? खरं आहे. इंजिनिअर हवा, हिंजवडीत नोकरी हवी, पगार चांगला हवा, या तिन्ही मिळून जेमतेम दीड अट होते. पहिली पाळणारा उरलेल्या दोन बहुधा पाळतोच. बॅकसचा आकडाही इथेच लंगडा पडतो: जिला तो आवडला, तिच्याशी सूर जुळायची शक्यता दहांत एकच कशी राहील? गुणाकार चालतो तो एकमेकींशी संबंध नसलेल्या अटींना. आणि अशी निखळ सुटी अट आपल्याकडे आहे, ती म्हणजे पत्रिका जुळवताना बघितली जाणारी नाड. सत्तावीस नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली. म्हणजे कुठल्याही दोन पत्रिकांची एकनाड निघण्याची, आणि म्हणून स्थळ बाद होण्याची, शक्यता साधारण तीनांत एक. शिक्षण, स्वभाव, घरचं वळण यांपैकी कशाशीच तिचा संबंध नाही, म्हणून आधीच्या सगळ्या चाळण्यांतून तावून-सुलाखून निघालेल्या स्थळांतलाही तिसरा हिस्सा ती सरळ कापते. प्रेम गणिताने होत नाही, हा आक्षेप मला मान्यच आहे. पण कुणाची भेटच होणार नाही, हे मात्र गणिताने ठरू शकतं. अटी सोडणं म्हणजे तडजोड, असंही म्हणतात. निर्व्यसनी माणूस हवा, ही अट सोडली तर ती तडजोडच, कारण तिचा जाच रोज सोसावा लागतो. नाडीची अट सोडली, तर जिथे सदुसष्ट स्थळं उरली असती तिथे शंभर उरतात, आणि वाढलेली तेहेतीस बाकी सगळ्या बाबतींत आपल्याला हवी तशीच असतात.