फिल्म कुठे थांबवायची?

इज्जतीच्या नावाखाली होणाऱ्या हिंसेबद्दल तरुणांशी बोलायचं, तर व्याख्यान फारसं कामाला येत नाही. चिखली-मेहकरकडच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं माना डोलावतात नि बस पकडतात. ‘सैराट’ सगळ्यांना ठाऊक असतो, पण ‘तो सिनेमा आहे’ म्हणून त्यातून सुटता येतं. माहितीपटात ही पळवाट नाही.

शर्मीन ओबेद-चिनॉय यांच्या ‘अ गर्ल इन द रिव्हर’ला २०१६ साली ऑस्कर मिळालं. लांबी जेमतेम ४० मिनिटं, म्हणजे एका तासिकेत बसणारी. पाकिस्तानातली सबा मनाजोगतं लग्न करते. वडील आणि काका तिला गोळी घालून नदीत टाकतात, तरी ती वाचते. तुरुंगातले वडील कॅमेऱ्यासमोर अब्रू राखल्याचं समाधान बोलून दाखवतात तेव्हा वर्ग चिडतो.

इथे फिल्म थांबवायची नाही. सगळा दोष एका क्रूर बापावर टाकून वर्ग मोकळा होतो.

थांबवायचं ते पुढे, मोहल्ल्यातले वडीलधारे सबाला ‘माफ कर’ म्हणून गळ घालतात तिथे. तेव्हाच्या कायद्यात तिने माफ केलं की आरोपी सुटत. ती माफ करते, ते सुटतात. आता फळ्यावर यादी करायची: दीर, शेजारी, पंच, वकील, पोलीस. यातल्या कोणी काय केलं? कोण तिच्या बाजूने उभं राहिलं? मुलं इथून बोलू लागतात, कारण अशी माणसं त्यांनी गावात पाहिलेली असतात.

मात्र ‘त्यांच्यात असंच चालतं’ हे वाक्यही इथेच येतं. खामगाव-मलकापूरच्या वर्गात मुस्लीम मुलंही बसलेली असतात. म्हणून लगोलग खर्ड्याबद्दल सांगावं. नगर जिल्ह्यातल्या या गावात २८ एप्रिल २०१४ रोजी १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. त्याचं वरच्या जातीतल्या मुलीशी प्रेम आहे, असा संशय होता. बरेच साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. तिकडे माफी, इकडे फिरलेली साक्ष. फळ्यावरच्या यादीत ‘साक्षीदार’ हा शब्द मग मुलंच घालतात.

‘तुझ्या घरी काय?’ असं चारचौघांत कधीच विचारू नये. कालच जिचा मोबाइल काढून घेतला, ती मुलगी तिसऱ्या बाकावर असू शकते. बिननावाच्या चिठ्ठ्या बऱ्या. त्यातून ‘लोक काय म्हनतीन’, ‘घराण्याचं नाक कापलं’ अशी घरातली वाक्यं वर्गात येतात.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची. १०९८, ११२ आणि १८१ हे मदतीचे क्रमांक सगळ्यांनीच उतरवून घ्यायचे, म्हणजे कोणी एकटी उठून दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात मनाजोगतं लग्न करणाऱ्या जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष उभारायला सांगितलं, हेही सांगायचं. आणि मुलग्यांना एक वेगळा प्रश्न: बहिणीवर पाळत ठेवायला घरच्यांनी तुलाच पाठवलं, तर काय उत्तर देशील? ते उत्तर प्रत्येकाने तिथेच, मोठ्याने बोलून पाहायचं.