कावळा

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. पण ही गोष्ट इंग्लिश सेक्शनला द्यायची नव्हती. का, ते शेवटी कळेल.

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, पॅन्ट्रीच्या दारावर, मी आणि माझ्या रूम पार्टनरने मिनी प्रोजेक्टचा फायर अलार्म लावला होता. थर्मिस्टर, कम्पॅरेटर, बझर. संपलं! पहिल्या आठवड्यात तो अकरा वेळा वाजला आणि आग एकदाही नव्हती. कधी मॅगीची वाफ, कधी कुणाची इस्त्री. मुलींनी त्याचं नाव ठेवलं 'कावळा'. एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री दोन वाजता कावळा पुन्हा ओरडला, तेव्हा मी झोपेतून उठून बझरची वायरच उपटली. चौथ्या दिवशी पॅन्ट्रीतल्या हॉटप्लेटचा प्लग पेटला. पडदा गेला, ओटा काळा झाला. मावशींना वास आला म्हणून निभावलं. कावळा अर्थातच गप्प!

पार्टनरने विचारलं, "वायर तू काढलीस का गं?" मी म्हटलं, "नाही."

त्यानंतर झोप लागेना. मग मी वाचत सुटले, की ज्यांना अलार्मची वायर उपटून झोपता येत नाही ते काय करतात. म्हणजे विमानाचे पायलट. समजा हवेत असताना इंजिन फायरची बेल वाजली. आग खरी की सेन्सरचा चावटपणा? बहुतेक जेट विमानांत इंजिन पंखांखाली, मागच्या बाजूला. कॉकपिटमधून मान वळवून बघायची सोय नाही.

कावळ्याचा त्रास त्यांनाही आहे, हे वाचून फार बरं वाटलं. इंजिनाभोवती उष्णता ओळखणाऱ्या बारीक नळ्यांचे लूप फिरवलेले असतात. बऱ्याच विमानांत ते जोडीने असतात. दोन्ही लूपना ऊब लागली तरच बेल. (साधं अँड गेट! आम्हाला का सुचलं नाही?) तरीही कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, वायर घासली जाते आणि खोटी बेल वाजते. किंवा गरम हवेचा पाईप गळत असतो. म्हणजे आग नाही, पण बेल खोटीही नाही.

मला वाटलं होतं, कॉकपिटमध्ये आधी 'खरी की खोटी' यावर चर्चा होत असेल. होतच नाही. आधी विमान सरळ उडतं ठेवायचं. मग बेल बंद करायची. हो, तेही बेल बंद करतात! डोकं चालायला शांतता लागते. पण फक्त आवाज बंद होतो. इंजिनाच्या फायर हँडलमधला लाल दिवा तसाच राहतो. मी काय उपटलं होतं ते मला इथे नीट कळलं.

पुढे, बोइंग ७३७ चं सांगायचं तर, त्या इंजिनाचा थ्रॉटल मागे, इंधन बंद, मग फायर हँडल ओढायचं. प्रत्येक वेळी एकाने हात ठेवायचा, दुसऱ्याने बघून 'हो, हेच' म्हणायचं, मगच हलवायचं. लाल दिवा तरी जात नसेल तर हँडल फिरवून अग्निशामक बाटली सोडायची. ३० सेकंद थांबायचं. तरी नाही गेला तर दुसरी बाटली. मग जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं. खाली इंजिनिअरला कदाचित नुसती घासलेली वायर सापडेल. चालेल. विमान एका इंजिनावर उडू शकतं. गेला तो वेळ आणि प्रवाशांचा मूड.

म्हणजे घाबरून पटापट बटणं दाबावीत असंही नाही. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून ट्रान्सएशियाचं एटीआर विमान निघालं आणि पहिल्याच मिनिटात वॉर्निंग आली. आगीची नव्हे, उजवं इंजिन बंद पडल्याची. खरं तर ते इंजिन ठणठणीत होतं. सिग्नल तुटत होता, आणि तपासात त्या युनिटच्या आतले सोल्डर जॉइंट खराब निघाले. सोल्डर! पण त्या सिग्नलवर विश्वास ठेवून यंत्रणेने उजव्या पंख्याची पाती आपोआप वाऱ्याला आडवी नसलेल्या, निकामी स्थितीत नेली. तरी डावं इंजिन होतं. कॅप्टनने घाईत त्या डाव्याचाच थ्रॉटल मागे घेतला. शेजारच्या पायलटने थांबून क्रॉसचेक करू म्हटलं होतं. शेवटी डावंच बंद केलं. चूक कळली तोवर उंची उरली नव्हती. तीन मिनिटांच्या आत विमान कीलुंग नदीत. ५८ पैकी ४३ माणसं गेली.

ते थांबायला सांगणं मी फिरून फिरून वाचलं.

आता कावळा नवा आहे. दोन थर्मिस्टर, अँड गेट, आवाज बंद करायला बटण, आणि कुणी काही केलं तरी न विझणारा लाल एलईडी. व्हायवाला सरांनी विचारलं, "त्या दिवशी वाजला का नाही?" पार्टनर पटकन म्हणाली, "ड्राय सोल्डर, सर. तो जॉइंट माझा होता." दोघींचे मार्क कापले गेले. बाहेर आल्यावर ती मलाच सॉरी म्हणाली.

तो जॉइंट चांगला होता गं. वायर मी उपटली.

ती मॅगझिनमध्ये फक्त मराठी सेक्शन वाचते.