पाहुण्यांचं अंथरूण

आमच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. माझ्या लग्नातली, १९७२ सालची. दुष्काळाचं वर्ष, त्यामुळे रुखवतात फार काही नव्हतं, पण ट्रंक मात्र वडिलांनी भक्कम दिली. तिच्यात 'पाहुण्यांचं' असतं. "ती चादर घेऊ नकोस, पाहुण्यांची आहे" हे वाक्य मी मुलांना इतक्या वेळा ऐकवलंय, की धाकट्याला लहानपणी वाटायचं, पाहुणे नावाचे कुणी एक गृहस्थ आहेत आणि त्यांच्या वस्तू आपण सांभाळतोय!

तर ट्रंकेत काय आहे? दोन सोलापुरी चादरी, सहा अभ्रे (चारांवर मी नोकरी लागण्याआधी भरलेली फुलं), एक दुलई, पंचे, आणि सासूबाईंच्या लुगड्यांच्या तीन गोधड्या. नऊवारी लुगडं वापरून वापरून मऊ झालं, की त्याच्या घड्यांचे थर लावून सासूबाई धावदोरा घालत बसायच्या. हात तोच, पण टाके कधी सरळ, कधी तिरके. ज्या दिवशी रागावलेल्या असत तो भाग मला अजून ओळखता येतो.

मुक्कामाला कुणी येणार असं कळलं की मी आदल्या दोन दिवसांत सगळं गच्चीवर टाकते. गाद्या-उशांना दोन्ही बाजूंनी ऊन दाखवायचं, मधून काठीने झोडायच्या. पूर्वी डांबरगोळ्या टाकायचे, पण तो वास उन्हातही लवकर जात नाही. पाहुणा रात्रभर कपाटात झोपल्यासारखा झोपतो! आणि तान्ह्या बाळांना तर त्या गोळ्या बाधू शकतात. म्हणून आता कडुनिंबाचा वाळलेला पाला, मलमलच्या पुरचुंडीत बांधून. चादरींना खळ करत नाही. खळीची चादर दिसायला छान, पण म्हाताऱ्या कातडीला टोचते. हे स्वतःची कातडी म्हातारी झाल्यावर कळलं.

असो. सांगायचं होतं ते वेगळंच.

यंदा दिवाळीनंतर मिरजेच्या वन्संना फोन केला. माझ्या थोरल्या नणंद, वय ८२. आमचे हे २०१९ मध्ये गेले तेव्हा त्या इथे साताऱ्याला तेरा दिवस होत्या. त्यानंतर मुक्कामाला आल्याच नाहीत. म्हटलं, "वन्सं, या ना चार दिवस." तर म्हणाल्या, "येईन गं, पण सकाळी येऊन संध्याकाळी परत जाईन." मी म्हटलं, एवढा प्रवास करून त्याच दिवशी परत? तर म्हणाल्या, "आता परक्या अंथरुणावर झोप लागत नाही मला."

परकं अंथरूण! भावाच्या घरातलं? मला राग आला, खरं सांगते. दोन दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा सहज फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "आई हल्ली कुठेच रात्री राहत नाहीत. लग्नालाही नाही." आणि मग जरा थांबून, "रात्री कळत नाही त्यांना." एवढंच बोलली. मला पुढचं कळलं. आणि माझीच लाज वाटली.

कारण १९७८ची मिरजेची रात्र मला आठवली. त्यांच्या थोरल्याची मुंज होती. माजघरात ओळीने अंथरुणं. गाद्या शेजारपाजारहून मागून आणलेल्या. माझा मोठा तेव्हा चार वर्षांचा. पहाटे तीनच्या सुमाराला मला ओलं लागलं. पोरानं गादी भिजवली होती, तीही दुसऱ्यांची! घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यांच्या सासूबाई करड्या. मी अंधारात नुसती बसून राहिले. वन्सं केव्हा उठल्या कळलंच नाही. काही न विचारता त्यांनी पोराला उचललं, कोरडी गोधडी अंथरली, गादी ओढत परसात नेली. सकाळी सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "रात्री पाणी प्यायला उठले, तांब्या लवंडला माझ्या हातून." चार बोलणी खाल्ली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग मी कामाला लागले. औषधांच्या दुकानातून दोन रबरी शीट आणल्या. एक पसरून आधी स्वतः झोपून पाहिलं. कूस बदलली की चुरचुर वाजते आणि पाठ तापते. ज्याच्यासाठी घातली त्याला रात्रभर आठवण करून देते ती! मग क्रम ठरवला: गादी, त्यावर रबरी शीट, त्यावर सासूबाईंची गोधडी, वर धुऊन मऊ झालेली सुती चादर. आवाज गेला. उशाशी दुसरी चादर आणि एक परकर घडी करून ठेवला. न्हाणीघरापर्यंत छोटा दिवा, आणि वाटेतलं पायपुसणं उचललं. अंधारात घाईने जाताना पाय अडकतो तो त्यातच.

आणि दुसरी शीट माझ्या गादीवर. अगदी तस्संच. ते काही नाटक नव्हतं बरं का. जोराचा खोकला आला की माझंही भागत नाही आता. हे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

मग फोन केला. म्हटलं, "वन्सं, आपल्या दोघींची अंथरुणं सारखीच घातली आहेत. खाली काय आहे ते तुम्हीही विचारू नका, मीही विचारणार नाही." पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "सुनेनं सांगितलं वाटतं." मी म्हटलं, "माझ्या खोकल्यानं सांगितलं."

आल्या. पहिली रात्र कोरडी गेली, पण त्या झोपल्याच नसाव्यात. दुसऱ्या रात्री झालं. सकाळी पाहते तर चादर स्वतःच गोळा करून उभ्या, मान खाली. मी म्हटलं, "वन्सं, तांब्या लवंडला ना रात्री?" त्यांना काही कळेना. मग चहा पिताना सगळी गोष्ट सांगितली. त्यांना त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं! सत्तेचाळीस वर्षं मी जपून ठेवलेलं, आणि त्या विसरूनही गेल्या होत्या. सासूबाईंची बोलणी मात्र आठवत होती.

चादर आधी गार पाण्यात, मग साबण, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, आणि कडक ऊन. वास राहत नाही.

चार दिवसांच्या आठ दिवस राहिल्या. आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आलो. त्यांनी तपासलं, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले. निजण्याआधीचे दोन तास पाणी कमी करा, पण दिवसभर तहान मारू नका म्हणाल्या. बायका हे वर्षानुवर्षं सांगतच नाहीत, हेही म्हणाल्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

हे सगळं वन्संना विचारूनच लिहिते आहे. म्हणाल्या, "लिही. फक्त माझं नाव घालू नकोस. माझ्यासारख्या अजून असतील घरात बसलेल्या."

काल ट्रंक पुन्हा लावली. सोलापुरी चादरी खाली, अभ्रे मधे, पाल्याची पुरचुंडी कोपऱ्यात. रबरी शीट मात्र अगदी वर ठेवली आहे. लागेल तेव्हा चटकन सापडली पाहिजे. आणि दुसरी माझ्या गादीवरच आहे, ती काही मी काढली नाही.